साक्ष द्यायची, पण कशाची?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सारांश देते.

"माझं वय सेहेचाळीस. यजमान खासगी शाळेत शिक्षक होते. मधुमेह आणि बीपीने त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. दीड वर्ष झालं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. त्यांची नोकरी सुटली. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून ठेवते, त्यातलंच त्यांनी प्यायचं. प्रभुभोजनाच्या रविवारी द्राक्षरसाचा तो चिमुकला पेला हातात आला की हळूच मला म्हणतात, 'हाही आजच्या हिशेबात धर गं.'

मुलगा डिप्लोमा करतोय, त्याने चर्चला यायचं सोडलं. मंडळीतले लोक चांगले आहेत, सगळे विचारपूस करतात. पण दर वेळी एकच ऐकते, 'ताई, विश्वास धरा, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.' मी हसून 'हो, प्रभू चांगला आहे' म्हणते आणि घरी येऊन मोरीत नळ सोडून रडते. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला देणं थांबलंय, त्याची लाज वाटते. एका प्रार्थनासभेतले बंधू म्हणाले, डायलिसिसवर विसंबणं म्हणजे प्रभूवर अविश्वास, उपास धरा आणि मशीन बंद करा. यजमानांनी ऐकलं नाही, पण माझ्या डोक्यातून ते जात नाही.

आता कापणीच्या सणाला पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला सांगितलंय. एवढं सोसूनही तुमच्या घराने विश्वास सोडला नाही, तरुणांना प्रेरणा मिळेल, म्हणाले. खरं सांगू? माझ्या मनात आभार नाहीत. राग आहे. कधी कधी वाटतं, रात्री निजावं आणि सकाळी जागच येऊ नये. माझा विश्वास गेला का? साक्ष देऊ की नको? की चर्चलाच जाऊ नये?"

ताई, सलाम.

साक्षीचं नंतर बघू. आधी तुमच्या पत्रातली ती 'जागच येऊ नये' ही ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, पण मी तिच्यावरून पुढे जाणार नाही. दीड वर्ष रात्रंदिवस आजारपण करणाऱ्या माणसाच्या मनात असं येतं, त्यात पाप काही नाही. पण हा विचार वारंवार येत असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर ते डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे. यजमानांच्या डायलिसिसच्या वारी त्याच दवाखान्यात स्वतःसाठीही केसपेपर काढा. फोनवरून बोलायचं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि हा विचार कधी जोर धरायला लागला तर त्या घटकेला एकट्या राहू नका. शेजारणीला हाक मारा, मुलाला उठवा.

दुसरी गोष्ट त्या बंधूंची. इथे मी मवाळ बोलणार नाही. डायलिसिस बंद केलं की अंगात पाणी साठतं, ते फुप्फुसात उतरतं, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या माणसाचं मशीन बंद करायला सांगणं म्हणजे त्याला मरायला सांगणं. त्याला विश्वासाचं नाव दिल्याने ते पवित्र होत नाही. प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, आणि पौल त्याचा उल्लेख 'प्रिय वैद्य' असा करतो. मिरजेत 1894 साली डॉ. वॉन्लेस यांनी मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं. तुमच्याच जिल्ह्यात मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मीचं) बूथ हॉस्पिटल आहे, कोरोनाच्या काळात तिथे किती लोकांची सोय झाली ते तुमच्याकडे कुणालाही विचारा. आपल्या लोकांनी दवाखाने बांधले ते प्रार्थनेवरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे. यजमानांनी त्या बंधूंचं ऐकलं नाही यात त्यांचा शहाणपणा आहे आणि, माझ्या मते, विश्वासही. ते बंधू पुन्हा दारात आले तर 'प्रार्थना करा, उपचाराबद्दल बोलू नका' एवढंच सांगा. त्यांचं मन दुखावेल, तर दुखावू दे.

आता तुमचा मूळ प्रश्न. मनात आभार नाहीत, राग आहे, म्हणजे विश्वास गेला का?

तुम्ही धरून चालला आहात की उपकारस्तुती आणि तक्रार एका तोंडात मावत नाहीत. हे तुम्हाला कुणी शिकवलं? पवित्र शास्त्राने तर नाही. स्तोत्रसंहिता उघडून बघा. कितीतरी स्तोत्रं गाऱ्हाणीच आहेत. किती वेळ, का विसरलास, का तोंड लपवलंस, असं देवाला तोंडावर विचारणारी. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एकही ओळ नाही, आणि तरी ते कुणी पुस्तकातून काढून टाकलं नाही. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' ही बाविसाव्या स्तोत्राची ओळ प्रभूच्या तोंडी वधस्तंभावर आली. तिला आपण अविश्वास म्हणत नाही.

सगळं गमावलेल्या ईयोबाचंही तसंच. 'परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले' हे त्याचं वाक्य आपल्याकडे प्रत्येक मातीला म्हटलं जातं. ते पहिल्या अध्यायातलं आहे. त्यापुढे कितीतरी अध्याय तो माणूस देवाशी भांडतोय, जन्माच्या दिवसाला शाप देतोय, आणि त्याचे मित्र त्याला गप्प करायला धर्माचे दाखले देत बसलेत. शेवटी देव कुणावर रागावला? मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं त्यांना सुनावलं. हा शेवटचा अध्याय मातीला कधी वाचलेला मी ऐकला नाही.

आणि आपण तर महाराष्ट्रातली माणसं. विठ्ठलाला भांड भांड भांडणाऱ्या तुकोबांच्या मुलखातली. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा 1895 साली बाप्तिस्मा झाला. आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांची भजनं आपण टाळ-पेटीवर गातो, पण त्या सेतूवरून भांडणही आलं असणार, हे सोयीस्कर विसरतो. ज्याच्यावर माणूस रागावतो तो आहे, ऐकतोय, त्याच्यावर आपला हक्क आहे, असं धरूनच रागावतो. भिंतीवर कोण रागावतं? तुमचा विश्वास गेला असता तर तुम्ही मोरीत रडला नसता. चर्चला जाणं आपोआप कमी झालं असतं, आणि हे पत्रही आलं नसतं.

पुढे ते वचन, जे तुम्हाला दर वेळी ऐकवलं जातं. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.' थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, पाचवा अध्याय, अठरावी ओवी. ते पत्र कुणाला लिहिलं होतं ते बघू या. नवी मंडळी, छळ सोसणारी. पौलाला रातोरात तिथून निघून जावं लागलं होतं. त्यांच्यातली काही माणसं वारली होती आणि राहिलेले कासावीस होते. चौथ्या अध्यायात पौल त्यांच्याशी त्या मेलेल्यांबद्दल बोलतो. तुम्ही आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, म्हणतो. शोकच करू नका असं म्हणत नाही. मग पाचव्या अध्यायात, या उपकारस्तुतीच्या चारच ओव्या आधी, काय सांगतो? खचलेल्यांना धीर द्या, दुबळ्यांना आधार द्या, सगळ्यांशी सहनशीलतेने वागा. हे सगळं एका दमात, आणि सगळ्या मंडळीला. चौदावी ओवी गाळून कुणी अठरावी तेवढी एका दमलेल्या बाईच्या हातात ठेवली, तर पौलाचा निरोप अर्धाच पोचला म्हणायचा.

त्यांच्या मनात वाईट आहे असं मी म्हणत नाही. दुसऱ्याचं दुःख समोर उभं राहिलं की काय बोलावं ते सुचत नाही, आणि वचन पाठ असतं. पण त्याचा परिणाम बघा. तुम्ही 'प्रभू चांगला आहे' म्हणता, ते सुटकेचा श्वास सोडतात, आणि तुमच्या घरी या आठवड्यात रिक्षाचं भाडं कुठून आलं हे कुणालाच कळत नाही. तुमच्या हसण्याने त्यांची सोय होतेय, ताई.

कुरकुर करणारे विश्वासात कच्चे, असा एक समज आपल्यात घट्ट आहे. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय वाचा. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, त्यावरून कुरकुर झाली. प्रेषितांनी त्या बायांना 'उपकारस्तुती करा' असं सांगितलं नाही. सात माणसं निवडली आणि वाटपाचं काम त्यांच्याकडे दिलं. स्तेफन त्या सातांतलाच. एका तक्रारीवरून मंडळीत नवी सेवा उभी राहिली.

कुणीतरी तुम्हाला पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलंच असेल. देतातच. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा, आणि अखेरीस 1921 मध्ये एकुलती मनोरमा. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. शेवटपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चालू होतं. थोर बाई, मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. पण दमलेल्या माणसाला गप्प करायला त्यांचं नाव वापरलेलं मला आवडत नाही. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये नुसती स्तोत्रं म्हटली जात नव्हती. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला, दुष्काळातून आणलेल्या मुलींना जेवू घातलं आणि हाताला काम शिकवलं. त्या मुलींच्या तोंडी देवाचे आभार आले असतील तर आधी ताटात भाकरी आली होती.

पौलही हेच सांगतो. यरुशलेमच्या गरिबांसाठी तो वर्गणी गोळा करत होता, तेव्हा करिंथकरांना लिहितो की या देणगीने पवित्र जनांची गरज भागेल आणि त्यातून देवाची पुष्कळ उपकारस्तुती होईल. आधी गरज भागणं, मग स्तुती. करिंथकरांच्या त्याच दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात, तुमच्या दशमांशाचंही उत्तर आहे. ज्याच्याजवळ जे आहे त्यामानाने त्याचं देणं मान्य होतं, जे नाही त्यामानाने नाही. दुसऱ्यांना सुख आणि तुम्हाला भार, असा हेतू नाही, असंही तो पुढे म्हणतो. तेव्हा लाज सोडा. सध्या तुमचं घर घेणाऱ्याच्या बाजूला आहे. यजमान इतकी वर्षं नोकरीत असताना तुम्ही देतच होता ना? घेणं जड जातं, विशेषतः शिक्षकाच्या घराला, मला कळतं. पण तुम्ही घेतलं नाही तर मंडळीने द्यायचं कुणाला?

मग साक्षीचं काय? ती देणं बंधनकारक नाही, हे पहिलं. पाळकसाहेबांना सणाआधी घरी बोलवा किंवा पाळकीणबाईंना गाठा, आणि पत्रात जे मला लिहिलंत त्यातलं निम्मं तरी त्यांना सांगा. 'सध्या माझ्याने उभं राहवणार नाही' एवढं कारण पुरतं. समजूतदार पाळक आग्रह धरणार नाही.

पण उभं राहावंसं वाटलं, तर खरं बोला. पाठ करून आणलेली विजयाची साक्ष नको. असं काहीतरी चालेल:

'मंडळी, बरं झाल्याची साक्ष द्यायला मी उभी नाही. यजमानांना आठवड्यातून तीनदा मशीनवर बसावं लागतं. मी दमले आहे. काही दिवस मला प्रार्थना करता येत नाही, त्या दिवशी तुम्ही माझ्या जागी करा. डायलिसिसच्या विभागात एक सिस्टर आहे, ती सुई लावताना यजमानांना दुखू नये म्हणून जपते, तिच्यासाठी मी देवाचे आभार मानते. आम्हाला येण्याजाण्याला मदत हवी आहे. ज्यांना जमेल त्यांनी उपासना झाल्यावर मला भेटा.'

दोन मिनिटंही लागणार नाहीत. सिस्टरच्या जागी तुमच्या मनात जे माणूस असेल ते घाला. खरं असलं म्हणजे झालं. तरुणांना प्रेरणा हवी असेल तर ती यातून जास्त मिळेल असं मला वाटतं. तुमचा मुलगा त्या दिवशी मागच्या बाकावर येऊन बसला, तर पहिल्यांदाच त्याला घरातली आई आणि चर्चमधली आई एकच दिसेल. तो का येत नाही, याचं कारण कदाचित तिथेच आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला ढोंग पटकन कळतं आणि त्यामागची लाचारी कळायला वेळ लागतो. त्याला चर्चला ओढू नका. आठवड्यातली डायलिसिसची एक पाळी पूर्णपणे त्याच्याकडे द्या. त्या दिवशी तुम्ही झोपा, वाटलं तर शिलाई मशीन चालवा, वाटलं तर मैत्रिणीकडे जा.

कापणीच्या सणाचं एक मला फार आवडतं, ते म्हणजे उपासनेनंतरचा लिलाव. बाजरीची कणसं, वांगी, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. आणि तो भोपळा, जो एकाने घ्यायचा, परत मंडळीला द्यायचा, पुन्हा बोली लागायची, असं करत करत बाजारभावाच्या कितीतरी पट पैसे उभे करतो. त्या हसण्या-ओरडण्यात कुणी कुणाला विश्वास शिकवत नसतो, पण उपकारस्तुती तिथे खरीखुरी चालू असते. यंदाच्या लिलावातला काही भाग मंडळीतल्या दीर्घ आजाराच्या घरांसाठी ठेवता येईल का, हे कमिटीपुढे मांडायला पाळकसाहेबांना सांगा. फक्त तुमच्यासाठी नको, सगळ्या तशा घरांसाठी. तुमच्या मंडळीत असं दुसरं घर नाही असं मला सांगू नका. तेही 'प्रभू चांगला आहे' म्हणत असतील.

हे वाचणारे पाळक, वडीलजन आणि महिला मंडळाच्या बायका, थोडं तुमच्याशी. 'काही लागलं तर सांगा' हे वाक्य कृपा करून सोडा, कुणीही सांगत नाही. 'मंगळवारी मी दवाखान्यात बसते, तुम्ही घरी थांबा' असं म्हणा. डायलिसिसचा रुग्ण असलेल्या घरी फळांची करंडी आणि शहाळी घेऊन जाऊ नका. त्यातलं पोटॅशियम त्याला चालत नाही, आणि चांगल्या मनाने आणलेलं परत करताना घरच्या बाईला ओशाळं होतं. पीठ द्या, गॅसचं सिलिंडर भरून द्या, शिवायला ब्लाउज द्या आणि शिलाई त्याच दिवशी द्या. कफर्णहूमात छप्पर उकलून पक्षाघाती माणसाला खाली सोडणाऱ्या चौघांची गोष्ट आपण रविवार-शाळेत शिकवतो. तिथे प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला असं लिहिलंय. बाजेवरच्या माणसाला कुणी साक्ष विचारली नव्हती.

ताई, रोज दहा आशीर्वाद वहीत लिहा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. काहींना त्याचा उपयोग होतो, तुम्हाला सध्या तो आणखी एक गृहपाठ होईल. एकच करून बघा. आभार मानावेसे वाटले तर ते ज्याचे आहेत त्याला त्याच वेळी तोंडाने सांगा, रिक्षावाल्याला, सिस्टरला, पोराला. नाही वाटले तर त्या दिवशी एक गाऱ्हाण्याचं स्तोत्र मोठ्याने वाचा, नळ बंद ठेवून. आणि यजमानांच्या त्या पेल्याच्या विनोदावर हसत जा. मला विचाराल तर तुमच्या अख्ख्या पत्रात उपकारस्तुतीच्या सगळ्यात जवळचं तेच वाक्य आहे. आपण किती पितो ते मोजावं लागतंय हे तो माणूस जाणतो आणि तरी पेला घेतो.

चर्च सोडायचं का? आत्ता ठरवू नका. खरं बोलून बघा, मग लोक काय करतात ते बघा. खरं बोलल्यावरही कुणी जवळ आलं नाही, उलट तुमच्या विश्वासाची मापं काढली, तर दुसऱ्या मंडळीत बसायला काही हरकत नाही, देव एका पत्त्यावर राहत नाही.

राहिलं पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. तुम्ही सध्या पैसे भरून करत असाल तर तो दवाखाना योजनेत आहे का ते विचारा, नसेल तर जवळचा कुठला आहे ते शोधा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, कागदपत्रांचं तोच सांगतो. धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात, तिथेही समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. एस.टी.त डायलिसिसच्या रुग्णांसाठी सवलत आहे, तिच्या पासाचं आगारात विचारा. रेशनकार्ड, दोघांची आधारकार्डं आणि डॉक्टरांची फाईल एका पिशवीत घाला आणि या आठवड्यातल्या डायलिसिसच्या वारीच जाऊन या. मुलाला बरोबर न्या, फॉर्म त्याला भरू दे.